चीनमधील इंग्रज शिक्षक : दैनंदिन व्यवहार आणि भाषा

परभाषिक देशात जाऊन आपली मातृभाषा शिकविणाऱ्या शिक्षकाची स्थिती काहीशी चमत्कारिक असते. वर्गात त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द प्रमाण मानला जातो. परंतु वर्ग सुटून तो भाजी घ्यावयास बाहेर पडला, की त्याला भाव विचारता येत नाही, दुकानावरील पाटी वाचता येत नाही आणि आजारी पडल्यास आपले कोठे दुखते हेही दुसऱ्याच्या मुखाने सांगावे लागते. चीनमध्ये इंग्रजी शिकविण्यास गेलेल्या ब्रिटिश शिक्षकांचे दैनंदिन जीवन हा ह्या स्थितीचा उत्तम नमुना होय. चिनी लिपी वर्णमालेवर आधारलेली नसल्यामुळे अक्षरास अक्षर जुळवून अंदाजाने वाचण्याची सोयही तेथे नसते. विद्वान मनुष्य बंदरावर उतरताक्षणीच निरक्षर होतो.

ह्या विषयावर आजवर झालेल्या लेखनात प्रवासवर्णनाचा भाग मोठा आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. ह्या शिक्षकांचे नाव, त्यांना केले जाणारे अभिवादन, त्यांचे घर आणि त्यांचा वर्ग ह्यांकडे भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास काय दिसते, ते येथे थोडक्यात मांडावयाचे आहे. आमचे प्रतिपादन असे, की ह्या शिक्षकांची योग्यता त्यांच्या उच्चाराच्या शुद्धतेवर तितकीशी अवलंबून नव्हती. वर्गाबाहेरील आपल्या मुकेपणाचे त्यांनी काय केले, ह्यावर ती अधिक अवलंबून होती.

नाव आणि संबोधन

चीनमध्ये आलेल्या शिक्षकास प्रथम मिळते ते नवे नाव. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षर म्हणजे एक अवयव, एक सूर आणि बहुधा एक अर्थ. परकीय नाव लिहावयाचे तर ते ह्या साच्यात बसवावे लागते. आडनाव आधी आणि व्यक्तिनाम मागाहून, असा क्रमही पाळावा लागतो. ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी’ ह्या १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे कर्ते विल्यम एम्प्सन ह्यांचे चिनी नाव ‘यान बूसुन’ असे झाले. ह्यातील ‘यान’ हे अक्षर पहिल्या सुरात उच्चारले असता आडनाव ठरते. पेकिंगच्या परिसरातील एका प्राचीन राज्याचे नावही तेच. चौथ्या सुरात उच्चारले, की त्याचा अर्थ पाकोळीसारखा एक पक्षी असा होतो. अनेकार्थतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या समीक्षकास असे नाव लाभावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

नावाइतकेच महत्त्व संबोधनास आहे. विद्यार्थी शिक्षकाच्या आडनावापुढे ‘लाओशी’ हा शब्द जोडतात. त्यातील ‘लाओ’चा मूळ अर्थ ‘वृद्ध’ असा असला, तरी येथे वयाचा काही संबंध नाही; तो आदराचा उपसर्ग होय. बावीस वर्षांची तरुण शिक्षिकाही ‘लाओशी’च असते. आपणास केवळ व्यक्तिनामाने हाक मारावी असा आग्रह काही इंग्रज शिक्षक धरतात आणि विद्यार्थी संकोचाने गप्प बसतात. गुरुजींना किंवा बाईंना नुसत्या नावाने हाक मारण्याची कल्पना मराठी वाचकाने करून पाहावी, म्हणजे हा संकोच समजण्यास अडचण पडणार नाही.

अभिवादन आणि त्याचा अर्थ

रस्त्यात भेटलेला शेजारी ‘छ् ल मा’, म्हणजे ‘जेवण झाले का’, असे विचारतो. दुसरा ‘कोठे निघालात’ असे विचारतो. नवागत इंग्रजास पहिल्या प्रश्नात आमंत्रणाचा भास होतो आणि दुसऱ्यात चौकशीचा. वस्तुतः दोन्ही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात. आपल्याकडेही ‘काय, जेवण झालं का?’ असे विचारणारा मनुष्य पान वाढून बसलेला नसतो. तीच गोष्ट स्तुतीला द्यावयाच्या उत्तराची. आपली चिनी भाषा फार चांगली आहे, असे कोणी म्हटले असता ‘नाली, नाली’, म्हणजे शब्दशः ‘कोठे, कोठे’, असे म्हणावयाचे असते. मराठीतील ‘कसचं, कसचं’ ह्याच घराण्यातले. इंग्रज मनुष्य आभार मानून मोकळा होतो आणि जुन्या वळणाच्या मंडळींना तो किंचित अहंमन्य वाटतो.

अशा भाषिक व्यवहारास मालिनोव्स्की ह्यांनी ‘फॅटिक कम्युनियन’ ही संज्ञा दिली. शब्दांनी माहिती सांगावयाची नसून केवळ संबंध राखावयाचा असतो, हे त्यांचे प्रतिपादन ऑग्डेन आणि रिचर्ड्स ह्यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ ह्या १९२३ च्या ग्रंथास जोडलेल्या निबंधात आले. ह्या ग्रंथाचे एक लेखक आय. ए. रिचर्ड्स १९२९ साली पेकिंगच्या छिंगहुआ विद्यापीठात अध्यापनास गेले. तेथे त्यांनी मेन्सियस ह्या प्राचीन तत्त्वज्ञाच्या वचनांचा अभ्यास केला आणि १९३२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. एका भाषेतील विचार दुसऱ्या भाषेच्या साच्यात घालताना काय गळते, हा त्याचा विषय. पुढे ते ऑग्डेन ह्यांच्या ८५० शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’चा चीनमध्ये प्रसार करू लागले. ही योजना जपानी आक्रमणामुळे मागे पडली. मात्र शिकवावयास गेलेला मनुष्य स्वतःच अर्थाच्या प्रश्नात गुंतून परत येतो, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

ग्रंथांविना वर्ग

एम्प्सन हे रिचर्ड्स ह्यांचे शिष्य. पेकिंग विद्यापीठातील नेमणूक स्वीकारून ते १९३७ च्या ऑगस्टमध्ये चीनला पोचले, तेव्हा युद्ध सुरू झाले होते. पेकिंग, छिंगहुआ आणि नानखाय ही तीन विद्यापीठे दक्षिणेकडे स्थलांतर करून हुनान प्रांतातील छांगशा येथे एकत्र आली. त्यांची साहित्यशाखा नानयुए ह्या पवित्र पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या एका ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थेच्या इमारतीत भरे. तेथे एम्प्सन ह्यांना तर्कशास्त्रज्ञ जिन युएलिन ह्यांच्याबरोबर एका खोलीत राहावे लागले. ग्रंथालये मागे राहिली होती. पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच. तेव्हा एम्प्सन स्मरणातून कविता फळ्यावर लिहीत आणि शिकवीत. ‘ऑथेल्लो’ नाटक त्यांनी आठवणीतून टंकलिखित करून दिले, असे विद्यार्थ्यांच्या आठवणींत नमूद आहे.

१९३८ च्या आरंभी हे विद्यापीठ युन्नानकडे निघाले. सुमारे तीनशे विद्यार्थी आणि काही अध्यापक दीड हजारांहून अधिक किलोमीटर अंतर पायी चालून खुनमिंगला पोचले. एम्प्सन ह्यांनी प्रथम मंग्झ येथे आणि नंतर खुनमिंगमध्ये १९३९ पर्यंत अध्यापन केले. त्यांना चिनी भाषा फारशी कधी आली नाही. परंतु विद्यार्थ्यांप्रमाणेच तेही पुस्तकांवाचून आणि घरावाचून राहत होते. त्यांच्या वर्गांतून मू दान ह्या नावाने प्रसिद्धीस आलेला कवी आणि अनुवादक निघाला. वांग झुओलियांग ह्यांच्यासारखे समीक्षक निघाले. आणि ज्यांच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर पुढे चीनमधील कित्येक पिढ्या शिकल्या, ते शू ग्वोझांगही निघाले.

१९४७ साली एम्प्सन सहकुटुंब पेकिंगला परतले. त्या काळी चलनफुगवटा असा होता, की १९४८ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या नव्या सुवर्ण-युआनला जुने तीस लक्ष युआन द्यावे लागत. शहरास वेढा पडला, १९४९ च्या जानेवारीअखेर साम्यवादी सैन्य शहरात आले आणि काही काळ पगार राळ्याच्या वजनावर मोजला जाऊ लागला. अध्यापन मात्र चालूच राहिले. एम्प्सन १९५२ पर्यंत तेथे होते.

मुकेपण ओलांडणारे

ह्याच वर्षांत पेकिंगमध्ये आलेले दुसरे एक इंग्रज म्हणजे एम. ए. के. हॅलिडे. पेकिंग विद्यापीठात इंग्रजी शिकवीत असतानाच ते लुओ चांगपेइ ह्यांच्या हाताखाली भाषाशास्त्र शिकले आणि मागाहून दक्षिणेत वांग ली ह्यांच्यापाशी आधुनिक चिनी बोलींचा अभ्यास केला. त्यांच्या व्याकरणविषयक सिद्धान्ताची पहिली मांडणी चिनी भाषेच्या आधारे झाली, ही गोष्ट इंग्रजीच्या अभ्यासकांनी विसरू नये.

चिनी जाणण्याचा वर्गात प्रत्यक्ष उपयोग काय, ते एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. चिनी विद्यार्थी इंग्रजी बोलताना आपल्या आईविषयी ‘ही’ असे पुल्लिंगी सर्वनाम हटकून योजतो. चिनी न जाणणारा शिक्षक ह्यास निष्काळजीपणा समजतो. परंतु चिनी भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ ह्या दोहोंसाठी ‘था’ हा एकच उच्चार आहे. लेखनात स्त्रीलिंगी अक्षर निराळे करण्याची रीत १९२० च्या सुमारास रूढ झाली. बोलताना विद्यार्थ्याच्या मनात हा भेद उपस्थितच नसतो. क्रियापदाच्या काळाचेही तसेच. चिनी क्रियापदास काळाचा प्रत्यय लागत नाही. ‘काल’ हा शब्द आला, की काम भागते. चूक कोठून येते हे ज्यास ठाऊक आहे, तोच ती कोणत्या मार्गाने जाईल हेही सांगू शकतो.

डेव्हिड क्रुक ह्यांचा मार्ग आणखी निराळा. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी इझाबेल ह्यांनी १९४८ साली हपै प्रांतातील एका खेड्यात भावी राजनैतिक अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ केला. ती शाळा पुढे पेकिंगला येऊन परभाषा विद्यापीठात परिणत झाली. सांस्कृतिक क्रांतीत १९६७ ते १९७३ अशी वर्षे क्रुक ह्यांना बंदिवासात काढावी लागली. सुटकेनंतरही ते तेथेच राहिले आणि २००० साली बीजिंगमध्येच निवर्तले. इझाबेल ह्यांचा मृत्यू २०२३ साली झाला.

मराठी वाचकांस येथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९३८ साली गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील ह्या तरुण डॉक्टरने चिनी भाषा आत्मसात केली आणि १९४२ मधील मृत्यूपर्यंत तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकविली. आपला विषय विद्यार्थ्यांच्या भाषेत शिकविणे आणि आपली भाषा त्यांना शिकविणे ही कार्ये भिन्न आहेत. दोहोंचा पाया मात्र एकच.

भिंती : जुन्या आणि नव्या

१९७७ साली विद्यापीठीय प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली आणि इंग्रजीस मोठी मागणी आली. १९८२ साली ‘फॉलो मी’ ही बी.बी.सी.ची इंग्रजी पाठमाला चिनी दूरचित्रवाणीवर आली. तीत शिकविणाऱ्या कॅथी फ्लॉवर ह्या ब्रिटिश शिक्षिका घरोघरी परिचित झाल्या. परंतु त्या दशकातील परदेशी शिक्षक बहुधा वेगळ्या वसाहतीत राहत. बीजिंगमध्ये त्यांपैकी अनेकांचा निवास फ्रेंडशिप हॉटेलमध्ये असे. ते १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांसाठी बांधलेले होते. परकीयांसाठी १९८० पासून चलनाच्या वेगळ्या नोटा होत्या; त्या १९९५ साली रद्द झाल्या. मुकेपण तेव्हा केवळ भाषेचे नव्हते, व्यवस्थेचेही होते.

आज ही भिंत उरलेली नाही. शिक्षक ‘झी’ व्हिसावर येतो आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे वास्तव्याची नोंद करतो. पुष्कळदा शाळेने दिलेल्या सदनिकेत त्याचे बिऱ्हाड असते. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी ह्यांच्या उत्तरेस त्याच्या घरात सरकारी ऊब असते. दक्षिणेस ती नसल्याने हिवाळ्यात तो अंगरखा न काढताच वर्ग घेतो. पहाटे विद्यार्थी आवारात उभे राहून इंग्रजी पाठ मोठ्याने वाचतात. दुपारी जेवणानंतर सारे आवार वामकुक्षी घेते. २०२१ च्या जुलैमधील शासकीय धोरणाने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर निर्बंध आले आणि त्यांवर उपजीविका करणाऱ्या बऱ्याच शिक्षकांना दुसरीकडे जावे लागले.

दोन नव्या भिंती मात्र उभ्या राहत आहेत. पहिली नियमांची. इंग्रजी शिकविण्याचा परवाना सामान्यतः इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोजक्या देशांच्या नागरिकांस मिळतो. त्याबरोबर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे भाषेवरील अधिकार पारपत्रावरून ठरतो. आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापन केलेला भारतीय प्राध्यापक ह्या यादीत सहसा बसत नाही. कालच पदवी घेतलेला ब्रिटिश तरुण बसतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा निकष टिकणारा नाही, कारण मातृभाषेचा वक्ता असणे आणि त्या भाषेचे ज्ञान दुसऱ्यास देता येणे ह्या दोन भिन्न शक्ती होत.

दुसरी भिंत अधिक सूक्ष्म आहे. हातातील दूरध्वनी आता पाटी वाचून दाखवितो, भाव विचारतो, पैसेही चुकते करतो. ह्या सोयीने नवागताचे हाल वाचले, हे निर्विवाद. परंतु हाल वाचले त्याबरोबर शिकण्याची निकडही गेली. पूर्वी भाजी आणण्यापुरती तरी चिनी यावी लागे आणि तेवढ्यात ‘था’ ह्या सर्वनामाची गाठ पडे. आता वर्षानुवर्षे तेथे राहूनही ती पडेलच असे नाही.

इंग्रजीविषयी जे येथे म्हटले, ते उद्या मराठीलाही लागू पडेल. अन्यभाषिकांना मराठी शिकविण्याचे वर्ग वाढत आहेत आणि शुद्ध मराठी बोलणारा मनुष्य हाच उत्तम शिक्षक, असे आपण सहज गृहीत धरतो. अशा शिक्षकांच्या प्रशिक्षणात निदान एक सत्र तरी त्यांना सर्वस्वी अपरिचित भाषा शिकावयास लावण्याचा प्रयोग आपल्या विभागांनी करून पाहावा. शिकणाऱ्याची जीभ कोठे अडखळते हे ग्रंथांतूनही कळते. परंतु स्वतःची जीभ एकदा अडखळली, म्हणजे ते विसरता येत नाही.