कागद येतो कुठून, पैसे जातात कसे

मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतात शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता, शाईही नव्हती. त्याच महिन्यात ‘द आयलंड’ आणि ‘दिवयिन’ या दैनिकांचे शनिवारचे छापील अंक थांबले. नेपाळची कोंडी झाली ती त्याआधी, २०१५ मध्ये, आणि तिचे कारण अगदी वेगळे होते.

गंमत म्हणजे दोघांनीही आपला कागद आपण करून पाहिला होता. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळच्या वाळैच्चेनैची गिरणी १९५६ मध्ये सुरू झाली, पुढे १९७० च्या दशकात एम्बिलिपिटियाची. नेपाळमध्ये चीनच्या मदतीने गैंडाकोटला भृकुटी कारखाना उभा राहिला. या गिरण्यांची भिस्त मुख्यतः पेंढ्यावर होती. शेतीप्रधान देशात पेंढ्याला काय तोटा, असा सरळ हिशेब. पण भाताच्या पेंढ्यात सिलिका फार. लगदा शिजवून उरलेल्या काळ्या द्रावातून रसायने परत मिळवायला गेले की ती सिलिका यंत्रांत बसते. लाकडाच्या लगद्यावर चालणाऱ्या मोठ्या गिरण्या रसायने पुन्हा वापरतात, शिवाय तोच द्राव जाळून वाफ काढतात. पेंढ्याच्या छोट्या गिरणीला रसायने नव्याने विकत घ्यावी लागतात, आणि काळे पाणी नदीत जाते. अशा गिरणीने इंडोनेशियाच्या कागदाशी भावात टक्कर द्यायची म्हणजे कठीणच. वाळैच्चेनैला यादवी युद्धानेही ग्रासले. भृकुटी १९९२ मध्ये खासगी हातात गेली आणि २०११ मध्ये बंद पडली.

मग राहिली आयात. तिची तुलना करताना लोक टन मोजतात, आणि तिथेच फसतात. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात कागद आणि पुठ्ठा ४८ व्या प्रकरणात येतो, छापील पुस्तके ४९ व्या. पुस्तके बाहेरून छापून आणली की कागदाची आयात घटलेली दिसते, गरज तेवढीच असते. शिवाय श्रीलंकेत आलेल्या कागदातला बराचसा चहाची आणि कपड्यांची खोकी होऊन परत बोटीवर चढतो. नेपाळचा लोकता कागद उलट दिशेने, हातकागद म्हणून युरोप-अमेरिकेत जातो. त्याने वर्तमानपत्राची गरज भागत नाही.

माझ्या मते, खरा फरक पैसे चुकवण्याच्या रीतीत आहे. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. भारतातला माल खुश्कीच्या मार्गाने येतो आणि रुपयांत चुकता होतो. म्हणून तिथली दुखरी नस म्हणजे नाका. २०१५ च्या सप्टेंबरात सीमेवरची वाहतूक अडली ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत; इंधन, औषधे, कच्चा माल, सगळ्याचीच टंचाई झाली. श्रीलंकेची बंदरे मात्र २०२२ मध्येही उघडी होती. संपले होते ते डॉलर. १२ एप्रिलला तिने परकीय कर्जाची परतफेडच थांबवली. गिरणी चालू असती तरी रसायने आणि सुटे भाग याच डॉलरांनी आणावे लागले असते, हे ‘स्वदेशी कागद’वाल्यांनी ध्यानात घ्यावे.

पुढच्या वर्षी श्रीलंकेतल्या शालेय पुस्तकांपैकी सुमारे ४५ टक्के भारताच्या कर्जावर आणलेल्या कागदावर छापली गेली.