घरचा लिनक्स : डिस्कची वाटणी

मागच्या भागात पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट नुसते चालवून पाहिले, डिस्कला हात लावला नव्हता. आता लावायचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. शेवगावच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका करणाऱ्याकडे जा नाहीतर सेवा केंद्रात, विंडोज ११ न पेलणारा पण अजून धडधाकट असलेला पीसी कुठे ना कुठे दिसेलच. मात्र विंडोज पुसून टाकायला डीटीपीवाला तयार होत नाही. श्री-लिपीतल्या वर्षानुवर्षांच्या फाइली त्याला तिथेच उघडायच्या असतात. तेव्हा एका डिस्कवर दोघांना नांदवायचे.

पार्टिशन टेबल हा डिस्कचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंद पहिल्या ५१२ बाइटांतल्या अवघ्या ६४ बाइटांत बसते, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. नव्या जीपीटी पद्धतीत एरवी १२८ची सोय असते, शिवाय नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. नोंद खोडली म्हणून डेटा लगेच पुसला जात नाही. चुकून उडालेले पार्टिशन टेस्टडिस्क पुष्कळदा शोधून देते, पण मधल्या काळात तिथे काही लिहिलेले नसावे.

आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की मशीन बंद दिसते, प्रत्यक्षात विंडोज अर्धवट झोपलेले असते आणि तशा पार्टिशनला बाहेरून हात लावणे धोक्याचे. बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करावी, हे माझे ठाम मत.

उरलेले काम पेन ड्राइव्हवरच्या जीपार्टेडमध्ये. पार्टिशनपुढे कुलूप दिसले तर ते वापरात आहे. बऱ्याचदा लाइव्ह सिस्टिमने स्वॅप (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा) परस्पर सुरू केलेला असतो, तो ‘स्वॅपऑफ’ करा. इथे तुम्ही काहीही ओढा-ताणा, हिरवी बरोबरची खूण दाबेपर्यंत डिस्कवर काहीच घडत नाही. खाली कामांची यादी साचत जाते. ती सावकाश वाचा, डिस्कचे नाव आणि आकार पुन्हा ताडून पाहा.

खरी गोम दिशेत आहे. मोकळी जागा पार्टिशनच्या उजवीकडे असेल तर ते वाढवणे बहुधा मिनिटाभराचे काम. जागा डावीकडे असेल तर पार्टिशनची सुरुवातच सरकवावी लागते आणि आतला सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर दोनशे जीबीला तास-दोन तास सहज जातात. मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या. आपल्याकडच्या विजेचा भरवसा तुम्हाला ठाऊक आहेच, आणि दुकानातला साधा यूपीएस तेवढा वेळ काढत नाही. म्हणून डावीकडची जागा मी जोडतच नाही. तिथे वेगळे पार्टिशन करून फोटो नाहीतर डिझाइन ठेवावेत.

स्वॅप पुसून नवा केलात तर त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलतो. सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच राहिला तर सुरू होताना मशीन दीड मिनिट ताटकळते. बिघाड नव्हे, तेवढी ओळ बदला.

पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन. तोवर बॅकअप घेऊन ठेवा, तोही वेगळ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवरची प्रत बॅकअप म्हणून धरू नका.