आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात व्यवहारप्रज्ञेचे स्थान

आंतरराष्ट्रीय संबंधांचे शास्त्र व्हावे, ही आकांक्षा त्या विषयाइतकीच जुनी आहे. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ साली ह्या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, तेव्हा युद्धाची कारणे कळली की ते टाळण्याचे नियमही सांगता येतील, अशी श्रद्धा त्यामागे होती. पुढे १९५० नंतर, विशेषतः अमेरिकेत, ह्या श्रद्धेला मोजमापाची व गणिताची जोड मिळाली. तिच्यावर हेडली बुल यांनी १९६६ साली घेतलेला आक्षेप आजही विचारात घेण्याजोगा आहे. काटेकोर पुराव्याने सिद्ध होईल तेवढेच बोलायचे ठरविल्यास ह्या विषयात महत्त्वाचे असे फारच थोडे बोलता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. बाकीचा भार विवेकबुद्धीवरच पडतो.

ही विवेकबुद्धी म्हणजे नेमके काय? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिविषयक ग्रंथाच्या सहाव्या भागात सिद्धान्तज्ञान व निर्मितीचे कौशल्य यांहून वेगळी अशी एक शक्ती मानली आहे. ग्रीक भाषेत तिला ‘फ्रोनेसिस’ म्हणतात. मराठीत ‘व्यवहारप्रज्ञा’ म्हणता येईल. (‘व्यवहारज्ञान’ म्हटले की बाजारातील चतुराई डोळ्यांपुढे येते, ‘तारतम्य’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.) तरुण मनुष्य भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारप्रज्ञ होऊ शकत नाही, असे तो म्हणतो. कारण ह्या प्रज्ञेचा विषय विशिष्ट प्रसंग हा आहे, आणि त्यांची ओळख अनुभवावाचून होत नाही.

१९६२ च्या ऑक्टोबरमधील क्यूबाचा पेचप्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्यूबात उभी राहत असल्याचे १६ तारखेस अध्यक्ष केनेडी यांना कळले. तीन दिवसांनी हवाईदलप्रमुख जनरल लमे यांनी त्यांना स्पष्टच ऐकविले की, नुसती नाकेबंदी करणे हे म्युनिकच्या शरणागतीइतकेच वाईट ठरेल. १९३८ चा धडा असा की, आक्रमकापुढे झुकले की तो शेफारतो. परंतु केनेडींच्या मनात १९१४ चा धडाही होता. बार्बरा टकमन यांचे त्या महायुद्धाच्या आरंभावरील पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते व त्यांनी ते वाचले होते. दोन्ही धडे खरेच आहेत. पण समोरचा प्रसंग १९३८ सारखा की १९१४ सारखा, हे त्या दोहोंपैकी एकही धडा सांगत नाही.

२७ तारखेचा शनिवार सर्वांत बिकट होता. अमेरिकन हल्ला होणार नसल्यास क्षेपणास्त्रे काढू, असे ख्रुश्चेव्ह यांचे पत्र आदल्या दिवशी आले होते. शनिवारी मॉस्को नभोवाणीवरून दुसरे पत्र जाहीर झाले व त्यात तुर्कस्तानातील अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रे हलविण्याची मागणी वाढली. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचे यू-२ टेहळणी विमान पाडले गेले. असे घडल्यास संबंधित तळावर हल्ला करावयाचा, हे आधी ठरलेले होते. नियम तयार होता. केनेडींनी तो अमलात आणला नाही.

पहिल्या पत्राचा आता उपयोग नाही, असे त्यांना वाटत होते. तेथे मॉस्कोत वर्षानुवर्षे राजदूत राहिलेले लुएलिन थॉम्प्सन यांनी वेगळे मत दिले: ‘क्यूबा वाचविला’ असे सांगता आले तर ख्रुश्चेव्ह मागे फिरतील. हे अनुमान कोणत्याही सिद्धान्तातून निघालेले नव्हते. ते एका माणसाच्या दीर्घ परिचयातून आले होते. उत्तर पहिल्या पत्राला धरून गेले. परंतु त्याच संध्याकाळी रॉबर्ट केनेडी यांनी राजदूत दोब्रिनिन यांना गुप्तपणे कळविले की, तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रेही काढली जातील; मात्र त्याचा गवगवा होता कामा नये. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटरही निघाली.

अभ्यासकाच्या दृष्टीने खरी अडचण येथूनच सुरू होते. ही देवघेव गुप्त राहिल्यामुळे, खंबीर राहिले की प्रतिपक्ष नमतो, असा निष्कर्ष पाव शतकभर पाठ केला गेला. रॉबर्ट केनेडी यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून तो मजकूर आपणच सौम्य केला, हे थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ साली मान्य केले. व्हिएतनाममध्ये टप्प्याटप्प्याने दडपण वाढविण्याच्या धोरणामागे क्यूबातून आलेला आत्मविश्वास होता, असे काही इतिहासकार मानतात. तसे असेल तर एका अपुऱ्या उदाहरणावरून काढलेल्या नियमाची किंमत फार मोठी पडली.

परिणाम चांगला झाला म्हणून निर्णय शहाणपणाचा, असेही म्हणता येत नाही. क्यूबात रणांगणावर वापरावयाची अण्वस्त्रेही होती, हे तत्कालीन संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना जानेवारी १९९२ मध्ये हवाना येथील परिषदेत कळले. शनिवारच्या चर्चेत त्याचा मागमूसही नाही. म्हणून परीक्षण करावयाचे ते त्या वेळी जे ठाऊक होते त्यावर झालेल्या विचाराचे. केनेडींनी गुप्तपणे ध्वनिमुद्रित केलेल्या बैठकींचे शब्दांकन १९९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून ते शक्य झाले आहे. विद्यार्थ्याने शनिवार दुपारपर्यंतचीच पाने वाचून ग्रंथ मिटावा आणि पुढचे पान उलटण्यापूर्वी आपले उत्तर लिहून काढावे.