श्वासाची मोजणी

गेल्या पावसाळ्यांत कामोठ्यास आमच्या कुटुंबाला तापानें रुग्णालयांत ठेवावें लागलें. बोटास लावलेलें यंत्र प्राणवायूचें प्रमाण शेंकडा 96 दाखवीत होतें. मी निर्धास्त होतों. रात्रपाळीची परिचारिका आली व मनगट धरून उभी राहिली. मला वाटलें, नाडी पाहत असावी. पण तिची दृष्टि छातीवर होती. पूर्ण मिनिटांत श्वास 28 भरले. तिनें लागलीच डॉक्टरांस बोलाविलें, आणि न्युमोनिया वेळींच सांपडला.

यंत्र खोटें नव्हतें. फुफ्फुसें दुबळीं पडूं लागलीं कीं शरीर श्वास वाढवून ती तूट भरून काढतें. त्यामुळें आंकडा कांहीं काळ चांगला दिसतो. निरोगी प्रौढ माणूस विसांव्यांत असतां मिनिटास 12 ते 20 श्वास घेतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें 2012 सालीं आंखलेल्या धोक्याच्या गुणपत्रकांत 25 वा अधिक श्वासांस 3 गुण, म्हणजे त्या सदरांतील सर्वांत अधिक, दिले आहेत. अधिक गुण म्हणजे अधिक धोका, हा हिशेब आम्हां मास्तरांना उलटाच वाटावयाचा!

श्वास मोजीत आहों असें रोग्यास कळलें कीं तो बदलतो. म्हणून मनगट धरण्याची ती युक्ति. शिवाय रोगी बोलतांना मध्येंच थांबतो काय, नाकपुड्या फुलतात काय, हेंहि ती पाहत होती.

आतां कुटुंब वाचीत बसलें असतां मीहि हळूच घड्याळ काढतों. काल 16 भरले.