रायफल नंतर, काडतूस आधी

कापडाच्या पेठेत आमची तीस वर्षे गेली. या धंद्याने एक गोष्ट पक्की शिकवली. ताग्यावरचा नंबर वाचून माल पारखणारा गिऱ्हाईक हमखास फसतो. साठ नंबरचे सूत आणि ऐंशी नंबरचे सूत हातात घेऊन पाहिले तरच फरक कळतो. हीच गोष्ट बंदुकीच्या काडतुसाला लागू पडते, हे आम्हाला गेल्या वर्षी एका प्रसंगाने कळले.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा दुकानात आला. आजोबांची दुनळी रायफल वारसाहक्काने घरात आलेली. आजोबांना ती एका जहागीरदाराकडून मिळाली होती. नळीवर .४७० असा आकडा कोरलेला. मुलगा म्हणाला, "चाचा, या नंबराची काडतुसे कुठेच मिळेनात. एकजण म्हणतो, .४७५ ची आणून देतो, नंबर जवळचाच आहे, चालून जाईल. घेऊ का?"

आम्ही त्याला बसवले, चहा मागवला आणि सांगितले, "बेटा, आधी रायफल परवानाधारक दुकानदाराकडे जमा कर. तुझ्या नावावर परवाना होईपर्यंत तिला हात लावू नकोस. आणि जवळच्या नंबराचे काडतूस तर नंतरही घालायचे नाही." शिकारीचा शौक आमच्या वडिलांच्या पिढीत होता, त्यामुळे या विषयाची थोडी माहिती घरातूनच मिळाली. ती वाचक बांधवांपुढे ठेवतो.

नंबर काय सांगतो, काय लपवतो

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा जोड. पितळी खोळ, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा पडला की टोपी पेटते, टोपी दारूला पेटवते आणि दारूचा धूर गोळीला नळीतून ढकलतो. नळीतल्या पेचांमुळे गोळी भिंगरीसारखी फिरत जाते, म्हणून सरळ जाते.

नंबर साधारणपणे नळीच्या किंवा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या हिशोबाने असतो. पण या हिशोबाला नियम नाही. .३०-०६ या काडतुसात .३० ही जाडी आहे, तर ०६ हे साल आहे. अमेरिकन फौजेने ते १९०६ मध्ये घेतले. .३०-३० मध्ये मात्र दुसरा तीस हा दारूच्या वजनाचा आकडा आहे. .२७५ रिग्बी म्हणजे जर्मनीच्या माउझरचे ७ मिलिमीटरचे काडतूस, इंग्रजी नाव घेऊन आलेले. आणि .४७० च्या गोळीची जाडी प्रत्यक्षात .४७५ च्या जवळ भरते. पण .४७० ची खोळ तोंडाशी आवळलेली आहे, तर .४७५ नायट्रो एक्स्प्रेसची खोळ सरळ निमुळती आहे. एकाचे कापड दुसऱ्याच्या मापाला बसत नाही. जबरदस्ती केली तर रायफल जाते आणि डोळा किंवा हातही जातो.

सरकारी हुकूम आणि कारखानदार

.४७० चा जन्म कसा झाला, हे व्यापाऱ्याने ऐकण्यासारखे आहे. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढले. वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी ते फार चालले. पण मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचा बोअरही .४५० होता. इंग्रज सरकारला भीती वाटली की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात हा बोअर बंद झाला.

इंग्लंडचे कारखानदार रडत बसले नाहीत. त्यांनी जाडी थोडी बदलली आणि .४७०, .४६५, .४७५, .४७६ असे नवे माल बाजारात आणले. जनावर तेच होते, जंगलही तेच. बदलला तो फक्त कायदा, आणि त्यासोबत सारा बाजार. पुढे १९७० च्या आसपास किनॉक कंपनीने ही मोठी काडतुसे बनवणे बंद केले. रायफली घराघरांत राहिल्या, त्यांचे खाद्य संपले. आमच्या गिऱ्हाइकाच्या घरी हेच घडले होते.

आपल्याकडचा .३१५

हीच कथा आपल्या .३१५ ची. .३०३ हा लष्करी बोअर, म्हणून सामान्य माणसाला मनाई. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखरचे काडतूस हिंदुस्थानात .३१५ म्हणून रुजले. बर्मिंगहॅमच्या बीएसएने त्याच्या रायफली बनवल्या, नंतर आपल्या ईशापूरच्या कारखान्याने. काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली. हा कारखाना १८६९ चा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' आणि '८ एमएम' अशी अक्षरे दिसतात. येथे सावध राहावे. जर्मनीच्या माउझरचे काडतूसही ८ एमएमच म्हणवते, पण ते वेगळे आहे.

तुलना कशी करावी

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एका ग्रॅमला साधारण साडेपंधरा ग्रेन होतात. जोर फूट-पौंडात मोजतात. नेहमीच्या मालाचे ढोबळ आकडे असे :

.२२ लाँग रायफल : ४० ग्रेन, सुमारे १०० फूट-पौंड.
.२७५ रिग्बी : १४० ग्रेन, सुमारे २२०० फूट-पौंड.
.३०-०६ : १८० ग्रेन, सुमारे २९०० फूट-पौंड.
.३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) : ३०० ग्रेन, सुमारे ४२०० फूट-पौंड.
.४७० : ५०० ग्रेन, सुमारे ५१०० फूट-पौंड.

आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असे मात्र नाही. जोर वाढला की खांद्याला बसणारा दणकाही वाढतो. दणक्याला घाबरणारा माणूस घोडा ओढतानाच डोळे मिटतो आणि नेम चुकतो. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये मारला तो .२७५ ने. वजनाला हलकी, दणक्याला नरम आणि नेमाला खरी, म्हणून ती रायफल त्यांची आवडती होती. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला .३०-०६ आणि त्याचा धाकटा भाऊ .३०८ सर्वांत जास्त चालतात. .३०८ ची खोळ आखूड, दणका थोडा कमी, काम जवळपास तेवढेच. पण .३०८ हा ७.६२ मिलिमीटर या फौजी काडतुसाचा जुळा. म्हणून तो आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, .३०-०६ मिळतो.

सर्वांत छोटे, सर्वांत चोख

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला, आणि ते योग्यच झाले. पिकांचा नाश करणाऱ्या जनावरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. आता खरा मान आहे तो नेमबाजीला, आणि तेथे राज्य करते ते १८८७ पासूनचे छोटे .२२. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्य जिंकले, ते याच काडतुसावर. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते.

या खेळातले लोक काडतूस लॉट पाहून घेतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून आपली रायफल शिकंजात बांधून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि जो लॉट एकाच भोकात गोळ्या टाकतो तो पेटीच्या पेटीने उचलतात. रंगाचा लॉट न जुळवता दोन तागे एकत्र विकणाऱ्या आमच्या भावांना हे सांगायला नको.

व्यापाऱ्याचा सल्ला

पिकासाठी, दुकानाच्या राखणीसाठी किंवा मुलाच्या नेमबाजीसाठी परवाना घेणाऱ्यांनी आधी बाजारात विचारावे : या बोअरचे काडतूस आज मिळते का, पाच वर्षांनी मिळेल का, परवान्यावर किती मिळेल? मग रायफलीचा भाव करावा. नळीवरचे आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. शंका आली तर जाणत्या कारीगराला नळी दाखवावी. सामान्य परवानाधारकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच हत्यारे ठेवता येतात, तेव्हा त्यातली एक जागा मुक्या रायफलीने अडवायची का, हाही हिशोब करावा.

तो मुलगा परवा पुन्हा आला होता. परवान्याचा अर्ज दिला आहे, रायफल दुकानदाराच्या ताब्यात आहे. .४७५ ची पेटी त्याने घेतली नाही. म्हणाला, "चाचा, तो माणूस अजून म्हणतो, एक झाडून तर पाहा." आम्ही म्हटले, "त्याला सांग, पहिली तू झाड."