कॅनमधलं पेट्रोल

पाऊस ओसरला की दिवेआगरच्या वाड्यांतून ग्रासकटरचा आवाज यायला लागतो. पोफळीखालचं रान बेणलं नाही, तर पडलेली सुपारी गवतात सापडत नाही. आणि नेमकं त्याच सकाळी मशीन सुरू होत नाही. दोरी ओढून खांदा भरून येतो, प्लग पुसून झालेला असतो, शेवटी मशीन मेकॅनिककडे जातं. तिथे कार्ब्युरेटर उघडला की आत चिकट, पिवळट थर दिसतो. मशीनला काही झालेलं नसतं. गेल्या हंगामात टाकीत राहिलेलं पेट्रोल खराब झालेलं असतं.

‘पेट्रोल काय दूध आहे नासायला?’ असं वाडीत हमखास ऐकायला मिळतं. पण ते नासतंच. पेट्रोल हा हलक्या आणि जड घटकांचा मिलाफ आहे. थंड इंजिन पटकन पेटतं ते हलक्या घटकांमुळे, आणि उडून जातात तेही आधी हेच. उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ तयार होतो. लहान कार्ब्युरेटरच्या जेटचं छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक असतं. तिथे एवढासा डिंक पुरतो. म्हणून महिनाभरात संपेल एवढंच पेट्रोल आणावं. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्ब्युरेटरही बराचसा कोरडा होतो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली ती लवकर आली नाही. ज्याने ते दिवस काढले, त्याला घरात पेट्रोल भरून ठेवावंसं वाटणारच. पण मे महिन्यात भरलेला कॅन पुढच्या मे महिन्यात तसाच वापरू नये. त्यातलं पेट्रोल अधूनमधून गाडीत वापरून टाकावं आणि कॅनमध्ये ताजं भरावं.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेनॉलचा आहे. बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात पाणी ओतायचं, हलवायचं, आणि खालचा थर वाढलेला दिसला की ‘पंपवाल्याने पाणी मिसळलंय’ म्हणायचं, असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले आहेत. या प्रयोगातून भेसळ सिद्ध होत नाही. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, म्हणून खालचा थर वाढतो. देशभर आता 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं, म्हणजे 100 मिलिलिटर पेट्रोलमध्ये सुमारे 20 मिलिलिटर इथेनॉल असणारच.

मग पेट्रोल हवेतून पाणी शोषून खराब होतं, हे खरं का? अर्धंच खरं. घट्ट बंद कॅनमध्ये ओलावा शिरायला जागाच नसते. धोका असतो अर्धवट भरलेल्या टाकीला, आणि त्याहून जास्त झाकणाचं रबर गेलेल्या, पागोळ्यांखाली उभ्या केलेल्या मशीनला. थोडं पाणी हे मिश्रण पोटात घेतं. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. टू-स्ट्रोक मशीनमध्ये तर वंगणाचं ऑइल वरच्या थरात राहतं आणि इंजिन कोरडं फिरून जाम होतं. टाकीत तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल ढवळून वापरायच्या भानगडीत पडू नये.

शिवाय अनेक जुन्या मशीनच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. अशा मशीनच्या नळ्या आणि वॉशर दरवर्षी तपासावेत. फुगलेले किंवा तडकलेले दिसले तर लगेच बदलावेत.

‘महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं की ताकद वाढते’ हा समज निव्वळ खर्चाचा. ऑक्टेनचा आकडा सांगतो की दाबाखाली इंधन अवेळी पेटायला किती विरोध करतं. ग्रासकटर, पंप, छोटा जनरेटर यांत दाब मुळात बेताचाच असतो. रॉकेल मिसळणं मात्र याच्या उलट टोकाचं. त्याने ऑक्टेन घसरतं, काजळी धरते, फोर-स्ट्रोकमध्ये खालचं ऑइल पातळ होतं. रॉकेलवर चालणारे पंप वेगळे, ते त्यासाठीच बनवलेले असतात.

आणि ऑइल? ते प्रत्येक ग्रासकटरच्या पेट्रोलमध्ये घालायचं नसतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळ्या जागी भरतात, टू-स्ट्रोकचं पेट्रोलमध्ये मिसळतात. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 असेल तर 40. अंदाजाने ओतू नये, मापाची बाटली पाच-दहा रुपयांचीही चालते. होडीच्या आउटबोर्डचं ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. ते ग्रासकटरला वापरू नये.

साठवणुकीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल आणणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल 30 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं. प्लॅस्टिकच्या बाटलीचं त्यात नावही नाही. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवावा, काठोकाठ भरू नये.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत सरकत जाते, उंबऱ्याखालूनही. आपल्याकडे कॅन ठेवायची जागा म्हणजे मागची पडवी, आणि आंघोळीच्या पाण्याची चूलही तिथेच. बूच सैल राहिलं तर ती वाफ चुलीपर्यंत पोचते. कॅन घरापासून वेगळ्या, हवेशीर, सावलीच्या खोपीत ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही असा. आणि खराब झालेलं पेट्रोल माडाच्या बुंध्याशी ओतू नका. इथली जमीन वाळूची आहे, विहिरीचं पाणी वरच लागतं, आणि त्याच विहिरीचं आपण पितो.