मागील कारभाऱ्याची सावली

एखाद्या वर्गाचा वर्गमंत्री साऱ्या वर्गास नकोसा झालेला असावा, वर्षाच्या मध्यासच त्याची जागा रिकामी व्हावी, आणि त्याच्या अगदी जवळचा सोबती त्या जागेसाठी पुढे यावा, अशा वेळी मुले काय बोलतात? “हाही त्याच माळेचा मणी!” नव्या मुलाने अद्याप एकही काम केलेले नसते, तरीही मागच्याच्या अपयशाचे ओझे त्याच्या खांद्यावर आधीच येऊन बसते.

मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारभारातही नेमके हेच घडते. अमेरिकेत १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री हे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. ते अध्यक्ष जॉन्सन यांचे उपाध्यक्ष, आणि व्हिएतनामच्या युद्धामुळे जॉन्सन लोकांना अप्रिय झाले होते. ३० सप्टेंबर रोजी हम्फ्री यांनी शांततेसाठी बाँबफेक थांबविण्याची तयारी जाहीर केली; पण मतदानाला तेव्हा जेमतेम पाच आठवडे उरले होते. एक टक्क्याहूनही कमी मतांच्या अंतराने ते निक्सन यांच्याकडून हरले. २०२४ साली उपाध्यक्षा कमला हॅरिस यांच्यापुढेही अध्यक्ष बायडेन यांच्या संदर्भात हाच पेच उभा राहिला, आणि त्यांचाही पराभव झाला. मग या सावलीतून बाहेर पडणे अशक्यच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. ते आमच्या हैदराबाद नगराच्या इतिहासातच आहे.

मुसी नदीच्या काठावरील सालारजंग संग्रहालय आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. तेथील तासाचे टोल देणारे घड्याळ पाहण्यास मुलांची झुंबड उडते. संग्रहालयातील बहुतांश वस्तू तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी जमविल्या. परंतु संगमरवरी पातळ बुरख्यातून जिचा चेहरा दिसतो ती रिबेकेची मूर्ती त्यांच्या आजोबांनी, म्हणजे पहिल्या सालारजंगांनी, १८७६ साली रोमहून आणली. आमची कथा या आजोबांची आहे.

त्यांचे मूळ नाव मीर तुराब अली खान. जन्म १८२९ सालचा. त्यांचे चुलते सिराजउल्मुल्क हे निजाम नासिरुद्दौला यांचे दिवाण होते. या दिवाणांवर खुद्द निजामांचीही मर्जी नव्हती. एकदा त्यांना पदावरून दूर करून पुन्हा नेमण्यात आले होते. राज्याची तिजोरी रिकामी होती. कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी कंपनी सरकारचे लाखो रुपयांचे देणे झाले होते. अखेर मे १८५३ मध्ये तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख व रायचूर दुआब इंग्रजांच्या हाती सोपवावे लागले. वऱ्हाड म्हणजे कापसाचा सोन्यासारखा प्रांत! तो गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सिराजउल्मुल्क निवर्तले. त्यांच्या जागी चोवीस वर्षांचा पुतण्या नेमला गेला.

ज्या घराण्यातील दिवाणाच्या हातून वऱ्हाड गेले, त्याच घराण्यातील हा तरुण; चुलत्याच्याच छायेत वाढलेला. त्याच्याकडून वेगळे काही होईल, अशी आशा कोणी व कोणत्या आधारावर करावी?

या तरुणाने आपल्या वेगळेपणाचा पुरावा हिशेबाच्या वहीत दिला. त्या काळी राज्याचा सारा मक्त्याने वसूल होई. तालुकदार सरकारात ठराविक रक्कम भरी आणि रयतेकडून हवे तेवढे वसूल करी. कित्येक तालुके तर सावकारांकडे व अरब, रोहिले जमादारांकडे गहाण पडलेले होते; कारण शिपायांचा थकलेला पगार देण्यास सरकारकडे रोकड नव्हती. म्हणजे रयत पैसा देत होती, पण तो सरकारात पोहोचत नव्हता. सालारजंगांनी गहाण तालुके हळूहळू सोडवून घेतले, मक्त्याची पद्धत मोडीत काढली आणि पगारी तालुकदार नेमले. सावकारांना वेळेवर परतफेड होऊ लागताच राज्याची पत पुन्हा उभी राहिली. पुढे १८६५ साली जिलाबंदी झाली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडून प्रत्येकावर अधिकारी नेमण्यात आले. मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या आजच्या रचनेचा पाया त्याच व्यवस्थेत आहे. १८७४ साली वाडीहून सिकंदराबादेस आगगाडी येऊ लागली. चुलत्याच्या नावाची चर्चा मागे पडली, ती अशा कामांमुळे.

येथपर्यंतची कथा सरळ व सुखाची आहे. पण पूर्ण सत्य एवढे सोपे नाही. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कोठी येथील रेसिडेन्सीवर हल्ला केला. त्या वास्तूत पुढे महिला महाविद्यालय भरू लागले. या उठावात सालारजंगांनी इंग्रजांचा पक्ष सोडला नाही. उठाव मोडला. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले आणि मौलवींना अंदमानात पाठविण्यात आले. १८६० साली नवा तह झाला. त्यात पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख परत मिळाला. चुलत्याच्या हातून गेलेले बरेचसे पुतण्याने मिळविले खरे, परंतु ते कोणत्या किंमतीस, हा प्रश्न इतिहासाने त्यांना आजवर विचारला आहे. एका सावलीतून निघताना ते दुसऱ्या, अधिक लांब सावलीत शिरले, असे आम्हांस वाटते. त्यांच्या प्राणावरही दोनदा बेतले. १८५९ व १८६८ साली त्यांच्यावर हल्ले झाले.

आणि वऱ्हाड? ते परत यावे म्हणून सालारजंगांनी वर्षानुवर्षे लिहिले, विनविले. १८७६ साली ते विलायतेस गेले, तेथे ऑक्सफर्डने त्यांचा पदवी देऊन सन्मानही केला. पण वऱ्हाड मिळाले नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीच्या विकाराने त्यांचा अंत झाला. पुढे १९०२ साली वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेले. चुलत्याच्या कारकीर्दीतील ती एक जखम पुतण्याला तीस वर्षांतही भरून काढता आली नाही.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. हम्फ्री यांना जे साधले नाही ते सालारजंगांना बऱ्याच अंशी का साधले? सालारजंग अधिक थोर होते, असे उत्तर देणे उचित होणार नाही. मुख्य भेद काळाचा आहे. निवडणुकीतील उमेदवारास लोकांपुढे उभे राहण्यापूर्वी काही महिनेच मिळतात, आणि हाती अधिकार नसल्याने तो केवळ शब्दच देऊ शकतो. त्याची कोंडीही दुहेरी असते : मागच्यावर टीका करावी तर कृतघ्न म्हणवून घ्यावे, न करावी तर भागीदार ठरावे. सालारजंगांना कोणाचे मत मागावयाचे नव्हते. त्यांना तीस वर्षे मिळाली आणि हाती अधिकार होता. अर्थात त्या राज्यात रयतेला दिवाण निवडण्याचा वा बदलण्याचा हक्क नव्हता, हेही विसरून चालणार नाही. तो हक्क आज आपणांस आहे. म्हणून कोणी उमेदवार “मी मागच्यासारखा नाही” असे म्हणेल, तेव्हा आपण त्यास विचारावे : कोणती गोष्ट आपण वेगळी कराल, केव्हा कराल, आणि तिची किंमत कोणाला द्यावी लागेल?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढील वर्षी वर्गमंत्री होईल, कोणी मोठेपणी अधिकारपदावर बसेल. मागच्याची निंदा करून आपले काम उजळत नाही. त्याने अर्धवट सोडलेली वही उघडा आणि पहिला थकलेला हिशेब पुरा करा. आणि पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर घड्याळाचे टोल ऐकून झाल्यावर त्या रिबेकेपुढेही क्षणभर उभे राहा व ती आणणाऱ्या दिवाणाची आठवण करा.